खोदाई आमची, चिखल शेजारच्या अंगणात: मृगाआधी काय करायचं?

पत्र

"कोल्हापूरजवळ पाचगावला उतारावर आमचा पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे. घराचं काम सुरू केलंय, परवानगी विकास प्राधिकरणाकडून रीतसर घेतली आहे. एप्रिलअखेर जेसीबी लावून अख्खा प्लॉट उघडला, पायाचे खड्डे काढले आणि निघालेल्या माती-मुरमाचा ढीग खालच्या कुंपणाला लावून ठेवला. मागच्या आठवड्यात वळीव झोडपून गेला. सगळा चिखल खालच्या बंगल्यातल्या काकूंच्या अंगणात गेला, त्यांच्या जमिनीतल्या पाण्याच्या टाकीतही उतरला, उरलेला गटारात. काकू म्हणतात, तक्रार करणार. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, 'वहिनी, उताराला पाणी खालीच जाणार की ओ, त्याला कोण काय करणार?' मिस्टर म्हणतात, लक्ष देऊ नकोस. मला सांगा, याला काही नियम आहे का? पावसाळ्यात काम थांबवायचं का? आणि जास्तीची माती कॉन्ट्रॅक्टर फुकटात उचलतो म्हणतोय, नेऊ द्यावी का?"

— एक वाचक, पाचगाव

उत्तर

ताई, काकूंनी तक्रार केली तर ती टिकेल. या एका बाबतीत मिस्टरांचं ऐकू नका.

तुमचा कॉन्ट्रॅक्टर बोलतोय त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 सालचा आहे. त्याच्या कलम 7 खालच्या उदाहरणांत हा मुद्दा येतो: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी ठरलेल्या प्रवाहात नसेल आणि आपसूक उताराने खाली जात असेल, तर खालच्या मालकानं ते जाऊ द्यायचं. म्हणजे काकूंना भिंत घालून तुमच्याकडचं पावसाचं पाणी तुंबवता येणार नाही. पण हा हक्क आपसूक येणाऱ्या पाण्याचा आहे. तुम्ही गवत खरवडलं, जमीन कापली, पाच गुंठ्यांवरचं पाणी एका कोपऱ्याकडे वळवलं आणि नेमकं त्याच वाटेवर मोकळ्या मातीचा ढीग घातला. एवढं केल्यावर खाली जे गेलं ते आपसूक गेलं असं म्हणायला तोंड राहत नाही. कॉन्ट्रॅक्टरला हे पटलं नाही तरी चालेल. परवानगी तुमच्या नावावर आहे, नोटीसही तुमच्याच नावाने येईल.

आता नियमाचं. अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उघडणाऱ्या बांधकामाला पावसाच्या पाण्याबरोबर माती बाहेर जाऊ नये यासाठी वेगळा परवाना लागतो, लेखी आराखडा लागतो आणि साईटची तपासणी किती दिवसांनी करायची हेही ठरलेलं असतं. आपल्याकडे घरगुती बांधकामासाठी असा एकच, नाव घेऊन दाखवता येईल असा नियम नाही. त्यामुळे नियमच नाही असा समज पसरलाय, आणि तो कॉन्ट्रॅक्टर मंडळींच्या सोयीचा आहे. नियम आहेत, फक्त विखुरलेले आहेत.

तुम्हाला सगळ्यात जवळून लागू होतो तो बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचा. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी बांधकाम करणाऱ्यावर साधी जबाबदारी टाकली: निघालेला माल आपल्याच आवारात ठेवायचा, तो रस्त्यावर पसरू द्यायचा नाही, लोकांना आणि वाहतुकीला अडथळा होऊ द्यायचा नाही आणि गटारं तुंबवायची नाहीत. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला एका कामावर 300 टनांच्या वर माल काढणाऱ्यांना काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडून कचऱ्याचा आराखडा मंजूर करून घ्यायची अट होती, आणि वर्गवारीत काँक्रीट, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, वीट-मसाला यांच्याबरोबर माती हाही एक वेगळा वर्ग होता. 20 टन ऐकून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. जेसीबीने दिवसभर मुरूम काढला तर तेवढं वजन सहज होतं. या नियमांच्या जागी 2025 मध्ये नवे नियम अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026 पासूनची. त्यांचा मोठा रोख 20,000 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर आहे, म्हणून घर बांधणाऱ्याला गटारात माती सोडायची मोकळीक मिळाली असं कुणी समजू नये.

दुसरा नियम धुळीचा आहे. 25 जानेवारी 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार, हवेतल्या धूलिकणांनी मर्यादा ओलांडलेल्या शहरांत बांधकामाची सुटी माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवता येत नाही. कोल्हापूर शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. पाचगाव महापालिकेच्या हद्दीत नाही, आमचा काय संबंध, असा वाद घालता येईल. घालू नका. झाकलेला ढीग मेमध्ये उडत नाही आणि जूनमध्ये वाहत नाही, एका ताडपत्रीत दोन्ही कामं होतात.

तिसरी गोष्ट काकूंच्या हातातली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी संहितेतलं 133. सार्वजनिक रस्ता, गटार किंवा नाल्याला उपद्रव होत असेल तर कार्यकारी दंडाधिकारी तो दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. काकूंच्या अंगणापुरता वाद दिवाणी राहील, पण चिखल गटारात उतरून रस्ता तुंबला की तो सगळ्या गल्लीचा होतो. जल प्रदूषण कायद्याचं कलम 24 सुद्धा आहे, प्रवाहात घाण सोडण्याबद्दलचं. एका घराच्या साईटवर ते काढायची वेळ सहसा येत नाही. पर्यावरण मंजुरी 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते, तेव्हा तो घोर तुम्हाला नाही. मात्र बांधकाम प्रारंभाचं जे पत्र तुम्हाला मिळालंय त्याच्या अटी आज रात्री नीट वाचा. लोक पहिलं पान लॅमिनेट करून साईटवर लावतात आणि अटींचं पान फायलीत जातं.

आता मुद्द्याचं काम. पाच गुंठे म्हणजे 5,445 चौरस फूट. त्यावर एक इंच पाऊस पडला की बारा-तेरा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. वळीव हे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. गवताची जमीन त्यातलं बरंच पिऊन टाकते. जेसीबीच्या चाकांनी दाबलेला उघडा मुरूम फारच कमी पितो. त्यात पावसाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की कण सुटतो, आणि एकदा सुटला की त्याला धरणं किती अवघड आहे ते बघा. संथ पाण्यात बारीक वाळूचा 0.1 मिलिमीटरचा कण मीटरभर खाली बसायला दोनेक मिनिटं घेतो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या गाळाच्या कणाला तीनेक तास लागतात. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस घेतो. म्हणून खड्डा काढा, जाळी लावा, काहीही करा, मुरूम आणि रेती अडेल, पण काळ्या मातीचं गढूळ पाणी निघून जाईलच. एखादा सांगेल, तुरटी फिरवा. घरातल्या घागरीत ठीक आहे. वाहत्या टँकरभर पाण्यात तुरटी टाकून काही होत नाही आणि गटारात आणखी एक रसायन जातं.

याचा अर्थ, निम्मी लढाई माती सुटू न देण्याची आहे. लोक नेमकं उलट करतात. पाऊस आल्यावर कुंपणाला हिरवी शेडनेट बांधतात आणि समाधान मानतात. शेडनेट सावलीसाठी असते. तिच्या भोकांतून चहासुद्धा गाळून होणार नाही.

रोहिणी लागल्यात, मृग दारात आहे. क्रम असा ठेवा.

उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे तो ढीग खालच्या कुंपणापासून हलवा. प्लॉटच्या वरच्या अंगाला, सपाट जागी न्या, पायाच्या खड्ड्यांच्या काठापासून निदान दीड मीटर लांब ठेवा. काठावर ओझं ठेवलं तर पावसात कड खचते, आणि खाली बिगारी काम करत असतात. हलवतानाच दोन ढीग करा: वरची सहा-आठ इंचांची काळसर माती वेगळी, खालचा मुरूम वेगळा. का ते पुढे सांगते. ढिगाच्या बाजू उभ्या ठेवू नका, फावड्याने उतरत्या करा, वरून ताडपत्री घालून कडांना दगड ठेवा. पायथ्याशी मुरमाने भरलेल्या गोण्यांची एक ओळ लावा.

दुसरं, वरून येणारं पाणी तुमच्या प्लॉटमध्ये शिरूच देऊ नका. वरच्या सीमेला फूटभर खोल, दीड फूट रुंद चर काढा, निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला बांधासारखी दाबा आणि चर हलक्या उताराने रस्त्याच्या गटाराकडे न्या. चराचं तोंड जिथे उघडतं तिथे दगड पसरा, नाहीतर तिथेच नवी घळ पडेल. आणि ते तोंड दुसऱ्या शेजाऱ्याच्या कुंपणावर उघडू नका, एक काकू पुरेत. हे काम एका दिवसाचं आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याचं, कारण शेजारच्या पाण्याचा भार गेला की तुमच्या साईटवर फक्त तुमचंच पाणी उरतं.

तिसरं, जिथे पुढचे दोन महिने काम नाही ती जागा झाका. यासाठी कोल्हापूर जिल्ह्यासारखी जागा नाही. उसाचं पाचट घ्या. शेतात पेटवून दिलं जातं तेच पाचट उघड्या उतारावर दोन-तीन इंच जाडीने पसरलं, वरून सुतळीचं जाळं किंवा जुनी फाटकी जाळी टाकून खुंट्या मारल्या, की थेंबाचा मार मातीला लागत नाही. भाताचं पिंजरही चालतं, पण ते वाऱ्याने लवकर उडतं. पहिल्या पावसाबरोबर त्यात ताग फेकून द्या. ताग चार-पाच दिवसांत वर येतो, मुळं धरतो, आणि पुढे बाग करताना तिथेच गाडला की खतही होतो. कायमच्या उतारासाठी हरळी लावा. बंगलेवाले तिला उपटायला माणूस लावतात, पण माती धरण्यात तिला तोड नाही.

हे झालं की मग धरण्याचं. खालच्या सीमेला, कुंपणाच्या आत तीन-चार फूट जागा सोडून, विणलेल्या जिओटेक्स्टाईल कापडाचा (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कृत्रिम धाग्याचं कापड) पडदा उभा करा. खांब सहा फुटांवर. कापडाची खालची कड सहा इंच खोल चरात गाडून वरून माती दाबायची. ही गाडणीच खरं काम करते; न गाडलेल्या पडद्याखालून पाणी बिनधास्त निघून जातं. पडद्याची दोन्ही टोकं उताराच्या वरच्या दिशेला वळवा, म्हणजे पाणी कडेने पळणार नाही. गाळ पडद्याच्या निम्म्या उंचीला यायच्या आत काढायचा. असा पडदा 100 फुटांमागे पाव एकराचं, म्हणजे दहा गुंठ्यांचं पाणी झेपवतो, असा अंदाज अमेरिकेतल्या साईटवर धरतात. तुमच्या पाच गुंठ्यांना खालची बाजू पुरेशी आहे. पण हा पडदा पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असतो. ओघळीच्या तोंडावर बांधलात तर पहिल्या सरीत आडवा होईल. तिथे दगडच हवेत.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यात गाळाचा खड्डा. अमेरिकेतल्या हिशेबाने एकरी 3,600 घनफूट लागतात. पाच गुंठे म्हणजे एकराचा आठवा भाग, तेव्हा 450 घनफूट, म्हणजे 15 फूट लांब, 10 फूट रुंद, 3 फूट खोल. जागा नसेल तर एकामागे एक दोन लहान खड्डे काढा. पाणी एका टोकाने आत यावं, दुसऱ्या टोकाने वरच्या कडेवरून दगडांतून बाहेर पडावं. काकूंच्या कुंपणाच्या पायाला चिकटून खोदू नका. आणि त्याला बांबूचं तरी कुंपण घाला. गल्लीतली पोरं पाण्याच्या खड्ड्याकडे आल्याशिवाय राहत नाहीत. खड्डा निम्मा भरला की उपसायचा. आठवड्याहून जास्त पाणी साचून राहिलं तर डास होतात, तेव्हा उघडीप मिळाली की रिकामा करा.

जुलैत पायाच्या खड्ड्यांत पाणी भरेल तेव्हा कॉन्ट्रॅक्टर मोटर लावेल आणि पाईप सरळ गटारात सोडेल. हे सगळ्यांकडे होतं आणि वर केलेल्या साऱ्या मेहनतीवर पाणी फिरतं. सक्शनचा पाईप तळाशी टेकू द्यायचा नाही. भोकं पाडलेल्या बादलीत खडी भरा, त्यात पाईपचं तोंड ठेवा, बादली वरच्या निवळ पाण्यात दोरीने लटकती ठेवा. बाहेरचा पाईप गाळाच्या खड्ड्यात. मिक्सर धुतलेलं पाणीसुद्धा गटारात नको, सिमेंटचं पाणी जबरदस्त अल्कधर्मी असतं. त्यासाठी कोपऱ्यात एक छोटा खड्डा करून आत प्लास्टिक घाला.

डंपर बाहेर पडतो त्या वाटेवर दोन-तीन इंची दगडांचा सहा इंच जाड थर टाका. 50 फूट लांब असावा असं अमेरिकेतलं पुस्तक सांगतं, तुमच्या प्लॉटमध्ये तेवढी लांबी निघणार नाही, जेवढी निघेल तेवढी करा. चाकांतला चिखल तिथेच गळून पडतो. तरीही रस्त्यावर गेलेला चिखल संध्याकाळी फावड्याने आणि खराट्याने ओढून आत घ्या. पाईप लावून धुऊ नका. धुणं म्हणजे तोच चिखल स्वतःच्या हाताने गटारात ढकलणं. पंचगंगेच्या पुराची पातळी सांगणारे राजाराम बंधाऱ्यावरचे 39 फूट इशाऱ्याचे आणि 43 फूट धोक्याचे आकडे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ आहेत. 2019 आणि 2021 चा महापूर तुमच्या-माझ्या ढिगाने आला नव्हता, पण गल्लीत गुडघाभर पाणी तुंबायला गाळाने बुजलेलं एक चेंबर पुरतं.

दर आठवड्याला एकदा आणि सहा-सात मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी साईटला फेरी मारा. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवला की पर्जन्यमापक तयार. मोबाईलवर फोटो काढा, तारखेसकट.

हे सगळं कॉन्ट्रॅक्टर करेल का? फुकट करणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने दर दिला तेव्हा त्यात ताडपत्री, चर, खड्डा काहीच धरलेलं नव्हतं. 'चिखल होऊ देऊ नका' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा या कामाचे वेगळे पैसे ठरवा, कागदावर लिहा, आणि गाळ उपसण्याची मजुरी महिन्याला धरा. पैसे ठरवल्यावर मात्र पाचट उडालं, पडदा पडला तर बिल अडवायचा हक्क तुम्हाला राहतो. माझ्या अनुभवात या एका ओळीने जेवढा फरक पडतो तेवढा नोटिशीनेही पडत नाही.

काम थांबवायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तुमच्याकडे खड्डे काढून झालेत. ते उघडे ठेवून चार महिने थांबलात तर कडा ढासळतील, तळाची माती मऊ होईल आणि ऑक्टोबरात पुन्हा खोदावं लागेल. त्यापेक्षा मृगाच्या आत फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) भरून घ्या, शक्य झालं तर प्लिंथ बीमपर्यंत, म्हणजे जोत्याच्या तुळईपर्यंत या आणि खड्ड्यांत मुरूम भरून, पाणी मारून, थराथराने दाबून घ्या. प्लिंथ उभं राहिलं की उघडी माती निम्म्यावर येते. तेवढं जमणार नसेल तर निदान ज्या भागात खोदाई झालेली नाही तिथे पावसाळा संपेपर्यंत जेसीबीचं चाक फिरू देऊ नका. अख्खा प्लॉट एकदम उघडणं हीच मुळात चूक होती, आणि तीही एप्रिलअखेर. जेसीबी एकदाच येतो, भाडं वाचतं, म्हणून सगळे तसंच करतात. खोदाई दिवाळीनंतर काढावी आणि वळवाच्या आत प्लिंथवर यावं. संरक्षक भिंत किंवा कंपाऊंडचं काम राहिलं असेल तर ते तुम्ही याच हिशेबाने करा, आणि त्या भिंतीत पाणी निघायला पाईपची भोकं ठेवायला विसरू नका.

आता फुकटच्या मातीचं. नेऊ देऊ नका, निदान लगेच नाही. एक साधा हिशेब करा. घराचं क्षेत्र 1,500 चौरस फूट धरलं आणि प्लिंथमध्ये सरासरी दोन फूट भराव लागला तर 3,000 घनफूट, म्हणजे 30 ब्रास मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणजे सुटा मुरूम त्याहून जास्तच. आज जो 'जास्तीचा' म्हणून फुकटात जाईल तोच ऑगस्टमध्ये ब्रासच्या दराने परत तुमच्याच दारात उतरला तर नवल नाही. मुरूम ठेवा. काळी माती प्लिंथमध्ये घालू देऊ नका, ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि फरशी उचलते. ती बागेसाठी राखा. दोन ढीग वेगळे करायला सांगितलं ते याचसाठी.

त्यातूनही माती उरली तर कायदा बघा. खोदलेली माती त्याच प्लॉटवर सपाटीकरणाला किंवा भरावाला वापरली तर तिच्यावर रॉयल्टी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पुण्याच्या बिल्डरांच्या प्रकरणात या अंगाने निकाल दिला आणि राज्याच्या नियमांतही पुढे तशी तरतूद आली. पण माती प्लॉटबाहेर निघाली की ती गौण खनिज. रॉयल्टी भरून महाखनिज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरचा वाहतूक पास हवा. विनापरवाना माती-मुरूम हलवल्यास जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि वाहन जप्त होतं. कॉन्ट्रॅक्टर 'रात्री काढतो' म्हणाला तर त्याचा अर्थ समजून घ्या. आणि माती कुठे जाते ते विचाराच. पंचगंगेकाठच्या निळ्या पूररेषेच्या आत, नाहीतर एखाद्या ओढ्याच्या कडेला भराव टाकण्यासाठी ती जात असेल तर स्पष्ट नाही म्हणा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेमधली जागा पाण्याची आहे, तिथे तुमच्या पाचगावच्या मुरमाचं काही काम नाही.

राहिल्या काकू. कॉन्ट्रॅक्टरला किंवा मुकादमाला पाठवू नका, स्वतः जा, आणि शक्यतो मिस्टरांना बरोबर न्या. त्यांची पाण्याची टाकी आजच्या आज रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन द्या. गाळ बसलेल्या टाकीत वरून नुसतं नवीन पाणी भरून उपयोग नाही. ती भरेपर्यंतचा टँकर तुमच्या खर्चाने. दोन बिगारी लावून अंगणातला चिखल काढा, तुमच्याच प्लॉटमध्ये परत आणा. फरशी, कुंड्या, भिंतीचा रंग असं काही बिघडलं असेल तर दोघींनी मिळून फोटो काढा आणि काय दुरुस्त करून देणार ते चार ओळींत लिहून दोघींच्या सह्या घ्या. कागद भांडणासाठी लागत नाही, सप्टेंबरमध्ये कोण काय बोललं होतं हे आठवायला लागतो. तुमचा आणि सुपरवायझरचा नंबर त्यांना द्या, पाऊस सुरू झाला आणि पाणी वळलं तर पहिला फोन त्यांचाच येणार आहे. त्या दिवसभर घरी असतात, तुम्ही नसता.

एवढं करूनही त्यांनी ग्रामपंचायतीत किंवा प्राधिकरणात अर्ज दिला तर रागावू नका. नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या, आणि उत्तराला चर, पडदा, गाळाचा खड्डा आणि झाकलेले ढीग यांचे तारखेसकट फोटो जोडा. कॉन्ट्रॅक्टरला या कामासाठी दिलेल्या पैशांची पावतीही लावा.